पिपरटोल्याची ओवाळणी

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी १९८२

चि. रविंद्र यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर तीन ओळी, त्यातली एक पत्त्याची. माझ्या चौथीच्या वर्गातल्या पोरी मामाला याहून मोठं पत्र लिहितात. तुमच्या त्या बोदलखिंडीच्या जंगलात शाईसुद्धा परवान्यावर मिळते की काय?

बाबांचं तसंच आहे. लकव्यानं गेलेली उजवी बाजू हलत नाही, पण डावा हात आणि राग दोन्ही शाबूत आहेत. परवा एक माणूस ठेवून पाहिला, त्यांना उठवायला-बसवायला. बाबांनी त्याच्या अंगावर वरणाची वाटी फेकली. हा तिसरा पळाला. परक्याच्या हातानं पाणीसुद्धा पीत नाहीत. शाळेच्या वेळात शेजारची कांताबाई येऊन बसते, पण तिची लेक बाळंतपणाला आली आहे, त्यामुळे तिचाही आता भरवसा नाही. मी वर्गात फळ्यावर लिहीत असते आणि डोक्यात एकच, की बाबा खाटेवरून घसरले तर नसतील.

आता खरी बातमी. आधी बस खाली. पुण्याच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली! दोन वर्षं, राहायची सोय, पगार चालू. जूनमध्ये हजर व्हायचं. परत आले की शाळा तपासायला जाणाऱ्या बाई होईन, आणि आमच्या हेडमास्तरांना माझ्यासाठी खुर्ची पुसावी लागेल. पुढच्या वर्षी अर्ज करीन म्हणावं तर माझं वय त्यांच्या अटीत बसत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. रवि, आई गेल्यापासून मी या दोन खोल्यांच्या बाहेर फक्त नोकरीपुरती पडले. माझी तक्रार नाही असं लिहिणार होते, पण आहे. मला जायचं आहे. फार जायचं आहे.

आणि वेळ कशी जुळून आली आहे बघ. दिवाळीनंतर आलास तेव्हा तूच सांगत होतास, की विदर्भातल्या चार अभयारण्यांचा कारभार एकत्र बसवायला नागपुरात समन्वय अधिकाऱ्याची नवी जागा निघते आहे आणि मोठ्या साहेबांनी तुझं नाव घेतलं आहे. तेव्हा मी हसले होते, की घरातल्या दोन माणसांचा समन्वय जमत नाही आणि हा चार जंगलांचा करणार. आता हसत नाही. ती जागा घे. तू बाबांजवळ राहा, मी जाते. एवढं सोपं आहे. मग तुझ्या कार्डात त्याबद्दल एक अक्षर काहून नाही?

नरखेडहून संत्र्याची पेटी आली होती. तुझ्या वाटची बाबांनी खाल्ली. माझ्या उतावळेपणाला हसलास तरी चालेल, पण लगेच लिही आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शोभाताई

⁂

बोदलखिंड, जि. भंडारा
२६ जानेवारी १९८२

ती. ताईस,
सविनय जयभीम.

पत्र वाचून मी ऑफिसातच ओरडलो. बाबू लोकांना वाटलं बदलीचा हुकूम आला. ताई, खरंच, मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ जे वाटलं ते सांगायला चार दिवस लागले.

ती जागा मला घेता येत नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

आमचं अभयारण्य नावाला एक आहे. झाडं वनखात्याची, गावाची जमीन महसूलची, तलाव आणि नहर पाटबंधाऱ्याचे. तिन्ही खाती एकमेकांना पत्रं पाठवतात आणि समोर आली की हवापाण्याच्या गप्पा मारतात. म्हणून नागपुरात एक माणूस बसवायचा आहे, जो तिघांना एका टेबलाशी आणेल. कल्पना चांगली आहे, मीच दोन वर्षं ओरडत होतो. पण त्या माणसाचं पहिलं काम ठरलेलं आहे: अभयारण्याच्या मधोमध राहिलेलं एकच गाव, पिपरटोला, ते उठवून बाहेर नहराजवळ वसवायचं.

आणि मी पिपरटोल्याला शब्द देऊन बसलो आहे.

झालं असं. दिवाळीच्या आधी आमच्या गार्ड लोकांनी गावाची ढोरं कोंडवाड्यात घातली. मी मध्ये पडलो, ती सोडवली आणि स्वतः गावात पोचवायला गेलो. तो भाऊबीजेचा दिवस निघाला. तिथं अंजनाबाई म्हणून एक गोवारी बाई आहे, विधवा, पण सारं गाव तिच्या शब्दात आहे. तिनं मला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. तिचा सख्खा भाऊ वारला आहे. सगळं गाव भोवती उभं. आता ताटात काहीतरी घालायचं असतं एवढं मला माहीत होतं, पण खिशात हात घातला तर रुमाल आणि पेन. मग मी सरळ बोललो, की मी इथं आहे तोवर पिपरटोला कोणी हलवणार नाही, हीच माझी ओवाळणी. ताई, त्या वेळी मला फार छान वाटलं. माझ्यासमोर कोणी कधी असं ताट धरलं नव्हतं.

तेव्हापासून गाव उठवायचा कागद माझ्या टेबलावर अडवून ठेवला आहे. मी इथून हललो की तो पुढे जाणार. आणि मीच नागपूरला गेलो तर माझ्याच सहीनं जाणार. आता तूच सांग मी काय करू. साहेबांनी एप्रिलअखेरपर्यंत विचार करायला सांगितलं आहे, मी तोंड चुकवत फिरतो आहे.

बाबांना जयभीम सांग. मी नालायक असलो तरी तुझा आहे, तेवढं धरून ठेव.

रवि

⁂

इंदोरा, नागपूर
८ फेब्रुवारी १९८२

चि. रविंद्र यास,
जयभीम.

वि. वि. आज नाही. विनंती कसली, डोकं फिरलं आहे माझं.

अरे शहाण्या, भाऊबीजेच्या ताटात शब्द कोणी घालतं का? ज्यांच्या घरी सण आहे ते रुपया घालतात, लुगडं देतात, फार तर बकरी कबूल करतात. शब्द घालत नाहीत, कारण ताटात पडलं ते पडलं. ते मोडलं तर बहिणीचं वाटोळं होतं असं ती माणसं मानतात. रुपया घालून माणूस उठून जातो. तू तिथं स्वतःलाच घालून आलास.

पण तुला हे कोण सांगणार होतं? दीक्षेच्या आधीच्या वर्षी आपल्या घरी शेवटची भाऊबीज झाली. मी सात वर्षांची, तू दोन. मी तुला ओवाळलं तर तू ताटातली सुपारी तोंडात घातलीस आणि आईनं बोट घालून काढली. पुढच्या वर्षी बाबांनी देव्हारा काढला, सण काढले, त्या सगळ्याबरोबर भाऊबीजही गेली. मी रडले नाही. मला बाबांचं पटलं होतं, अजूनही पटतं. पण त्याबरोबर त्या सणाचं शहाणपणही घरातून गेलं, आणि माझा एवढा शिकलेला भाऊ एका गोवारी बाईच्या पाटावर लहान पोरासारखा बसला.

आता मनातलं बोलते. माझ्या तेहतीस वर्षांच्या आयुष्यात मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. माझ्याजवळ ताट नव्हतं म्हणून नाही, मागायची सवयच नव्हती म्हणून. तू एका बाईला, जिला वर्षभरात चारदा पाहिलं असशील, अख्खं गाव देऊन आलास. आणि मला दोन वर्षं देता येत नाहीत. हे मला लागलं आहे, रवि. जिव्हारी लागलं आहे.

मी तुझ्या त्या अंजनाबाईला पत्र लिहिलं आहे. तू मध्ये पडायचं नाही. तिला लिहिलं, की बाई, तुमचा भाऊ गेला याचं मला दुःख आहे, पण माझा जिवंत आहे आणि तो मला हवा आहे. कडक लिहिलं. पेटीत टाकल्यावर वाईट वाटलं, पण पेटीत हात जात नाही.

रागातही तुझ्या खोकल्याची चौकशी करते. काढा घे.

शोभा

⁂

पिपरटोला
९ मार्च १९८२

नागपूरच्या शोभाबाईले पिपरटोल्याच्या अंजनाबाईचा रामराम. तुमच्यात जयभीम म्हणतात असं भाऊनं सांगतलं, तर जयभीम बी घ्या.

तुमचं पत्र शाळेच्या मास्तरनं वाचून दाखवलं. आता मी सांगून राहिली आन् तो लिहून राहिला. मास्तर हप्त्यातून एकदोनदाच येते म्हणून जवाबाले टाइम लागला.

तुम्ही लय रागानं लिहिलं. मले राग नाही आला. माह्या भावाले कोणी असं बांधून ठेवलं असतं तर मीबी असंच लिहिलं असतं.

माहा भाऊ तापानं गेला, तवापासून मी ताट हातात घेतलं नव्हतं. त्या दिवशी सायेब आमची ढोरं घेऊन आले, तर माह्यानं राहवलं नाही. मले वाटलं रुपया टाकन, नाही तर कायीच नाही टाकन, तरी चालते. त्यानं अख्खं गाव टाकलं. 

आता आयका. गावातले बहुत लोकं जायले तयार हायेत. अभयारण्य झालं तवापासून ढोरं चारू देत नाही, मोहाची फुलं बाहेर नेऊ देत नाही, डुक्कर धान खाते तर त्याले मारू देत नाही. रस्ता होऊ देत नाही. पोरं जवान झाली, त्याईले या जंगलात पोरगी कोणी देत नाही. माहे दोन्ही पोरं म्हणतात, माय, नहराजवळ जमीन देऊन राहिले तर चाल ना वं. माहा सासरा धोंडबा म्हणते मी इथंच मरन. खरं सांगू तर माहं मन बी इथंच हाय. पण मले जा बी म्हणता येत नाही आन् राहा बी म्हणता येत नाही, काहून का भावाची ओवाळणी माह्या पदरात हाय. ते वापस करणं म्हणजे जित्या भावाचं सरण रचणं. लोकं बी त्याच्यानंच चूप हायेत. मागून म्हणतात, अंजनाच्या ताटात सारे अडकलो. भाऊले हे कायी माहीत नाही. त्याले वाटते तो आम्हाले वाचवून राहिला. त्याचं तोंड पाहून मले सांगवत नाही.

एक रस्ता हाय. ओवाळणीचं लुगडं भावाले वापस देता येत नाही, पण बहीण ते आपल्या बहिणीले नेसवू शकते. त्याचं पाप नाही लागत. तुम्ही त्याची सख्खी. तर मी तो शब्द तुम्हाले देऊन राहिली. आजपासून तो तुमचा. ठेव म्हणाल तर ठेवू. सोडला म्हणाल तर भाऊ सुटला आन् आमी बी सुटलो. तुम्ही शिकेल बाई हाय, नीट इचार करून सांगा.

इकडं कधी आल्या तर दूध-भाकर खाऊन जा. पाहिलं नाही एकमेकीले, तरी माया असू द्या.

अंजनाबाई
(अंगठा)

⁂

इंदोरा, नागपूर
२१ मार्च १९८२

चि. रविंद्र यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

सोबत अंजनाबाईचं पत्र जोडलं आहे. बसून वाच. वाचून झालं की एक तांब्या पाणी पी आणि मग पुढं वाच.

वाचलंस? तर तू ज्यांना वाचवतो आहेस त्यांना वाचायचंच नाही. तू कागद अडवून ठेवलास आणि त्या बाईच्या पोरांची लग्नं अडली. मला तुझ्यावर ओरडायचं होतं, पण तू आत्तापर्यंत स्वतःच कपाळावर हात मारून घेतला असशील, म्हणून सोडते.

पण माझं काय झालं ते बघ. मी त्या बाईकडे भाऊ मागायला गेले आणि तिनं माझ्या गळ्यात गाव घातलं. मी सोडला म्हटलं की तू नागपूरला, मी पुण्याला आणि पिपरटोला नहरावर. किती छान. मी हातात लेखणी घेतली, सोडला असं लिहिलं आणि कागद फाडला. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडला. कारण सोडला म्हणण्यात माझा फायदा आहे, रवि. शाळेत ओळखीच्या पोरीचा पेपर आला तर मी तो दुसऱ्या बाईंना तपासायला देते. इथं दुसऱ्या बाई कुठून आणू? त्या धोंडबाला तिथंच मरायचं आहे, त्याच्याबद्दल मी पुण्याच्या गाडीत बसायची घाई असताना काय ठरवू? आणि ठेवला म्हणावं, तर त्या पोरांचा गुन्हा काय? कुठूनही हात घातला तरी दार आतूनच बंद.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. तू टिळा लावून घेतलास हे कळल्यावर दोन दिवस ते माझ्याशीच बोलले नाहीत, जसा मीच तो लावला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड पुसत असताना त्यांनी खूप कष्टानं, एक एक अक्षर जोडून म्हटलं, गध्या. तुला म्हटलं. आणि हसू लागले. लाळ गळेपर्यंत हसले. मीही हसले. या घरात असं हसणं किती महिन्यांनी झालं. पण निकाल विचारला तर तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणाले तुझं तू पाहा.

तर मी एवढंच ठरवलं आहे, की आत्ता काही ठरवायचं नाही. इंदोऱ्यात नळाच्या रांगेत उभी राहून मोठी झालेली बाई दुसरं घर बघायला गेली की आधी पाणी कुठं आहे ते बघते. ते नहराजवळचं रान गावातल्या कोणी डोळ्यांनी पाहिलं आहे का? तू पाहिलंस? भर उन्हाळ्यात? अंजनाबाईला घेऊन जा, तिच्या पोरांना ने, तो म्हातारा येत असेल तर त्यालाही. पाहा आणि मला खरं काय ते लिही. गोड करून लिहू नकोस.

पुण्याला मी होकार कळवला आहे. तो मागं घेता येतो, असं तिथल्या बाईंनी लिहिलं आहे. मी घाबरले आहे, म्हणून जास्त चिडते. तेवढं समजून घेऊन लोभ ठेव.

शोभाताई

⁂

बोदलखिंड
२८ एप्रिल १९८२

ती. ताईस,
सविनय जयभीम.

अंजनाबाईचं पत्र वाचून मी तिच्यासमोर जायला आठवडाभर धजलो नाही. गेलो तेव्हा तिनं ताक दिलं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, पिऊन घ्या भाऊ, गरम होऊन जाईल. बस, एवढंच.

गेल्या आठवड्यात आम्ही नहरावर गेलो. जीपमध्ये अंजनाबाई आणि तिचे दोघे पोरगे. धोंडबा येणार नाही म्हणून सकाळपासून भांडत होता. जीप सुरू केली तर तो पुढच्या सीटवर बसलेला, काठी मांडीवर आडवी. 

ताई, तिथं पाणी नाही. नहर आहे, पक्का बांधलेला, पण त्यातून शेतापर्यंत यायची पाटचारी खोदलेलीच नाही. एक विहीर आहे, तिच्यात वाकून पाहिलं तर तळाला फुटका टोपला. मोठा पोरगा पाहत उभा राहिला आणि त्याचा चेहरा बघवेना. इतके दिवस तो याच जमिनीच्या नावानं आईशी भांडत होता. धोंडबा पण हसला नाही, हसेल असं वाटलं होतं. त्यानं माती उचलून हातात चोळली आणि म्हणाला, माती चांगली हाय, पाणी आणा.

मग मी तिन्ही ऑफिसं पालथी घातली. पाटबंधारेवाले म्हणतात, महसूलनं जमीन ताब्यात दिली की खोदू. महसूलवाले म्हणतात, वनखात्यानं अभयारण्याच्या यादीतून गावाचं नाव काढलं की देऊ. आणि वनखात्याचा नाव काढायचा कागद कुठं अडला आहे? माझ्या टेबलावर. गाव वाचवायला मी जो कागद दाबून बसलो, त्यानंच त्यांचं पाणी अडलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

तो कागद मी त्याच दिवशी पाठवला. पण इथून कागद पाठवून पाटचारी होत नाही, हे मला आता पक्कं कळलं आहे. तिघांना समोरासमोर बसवायचा अधिकार फक्त त्या नागपूरच्या खुर्चीला आहे. तिथं दुसरा कोणी बसला तर आधी गाव उठवेल आणि पाण्याचं नंतर बघेल. म्हणून मी साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, येतो, पण शेतात पाणी पोचल्याशिवाय एकही घर हलवणार नाही, हे हुकमात लिहा. त्यांनी लिहिलं. मला वाटलं झालं, सुटलो सगळे. मी तुला तार करायला निघालो होतो.

मग साहेबांनी फिरतीचा तक्ता हातात दिला. चार अभयारण्यं, एक इथं, एक चांद्याकडे, एक मेळघाटाच्या अंगाला, एक नागझिऱ्याच्या पलीकडे. महिन्यातले वीस दिवस दौरा. नागपूर फक्त नावाला, टपालासाठी. मी विचारलं, एवढं फिरायलाच हवं का? ते म्हणाले, अरे, न फिरता जमलं असतं तर जागा कशाला काढली असती?

ताई, मी नागपूरला आलो तरी बाबांजवळ नसेन. तू जे मागितलंस ते या जागेत नाहीच. मी इथं राहिलो काय आणि तिथं गेलो काय, तुझी सुटका नाही. अजून सही केलेली नाही. तू म्हणशील तर दोन्ही सोडतो, बिनपगारी रजा टाकून घरी येऊन बसतो, मग पिपरटोल्याचं काय व्हायचं ते होवो. शब्द तुझ्याकडे आहे, हेही तूच सांग. तुझ्यावर टाकतो म्हणून मी भित्रा आहे, मला माहीत आहे.

उत्तरात शिव्या असल्या तरी चालतील, पण उत्तर दे. तुझ्या शिव्या बंद झाल्या तर मला फार एकटं वाटेल.

रवि

⁂

इंदोरा, नागपूर
९ मे १९८२

चि. रविंद्र यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन दोन कपबशा फोडल्या. चुकून नाही, आपटून. चांगल्यातल्या होत्या. मग झाडून काढल्या आणि रडले. हे तुला कळावं म्हणून लिहिते, नाहीतर तू समजशील ताईनं शांतपणे घेतलं. अजिबात नाही.

रात्रभर मी त्या वीस दिवसांशी भांडले. तुझी रजा, कांताबाई, आणखी एखादा माणूस, सगळं जोडून पाहिलं. बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, जा. दोनदा म्हणाले, जा, जा. आणि अर्ध्या तासानं कूस बदलायला मला हाक मारली. त्यांचा दोष नाही. माझा नाही, आता तुझाही नाही. म्हणूनच राग कोणावर काढावा ते समजत नाही, आणि कपबशांचा जीव जातो.

पण सकाळी चहा ठेवताना एक गोष्ट लक्षात आली. आता तो शब्द सोडण्यात माझा काहीही फायदा उरलेला नाही. पुणं गेलं. मग दोन महिने जो कागद मी फाडत होते तो लिहायला मला दोन मिनिटं लागली. अंजनाबाईला कळवलं, की सोडला. पाणी शेतात आलेलं तुम्ही स्वतः पाहा, मग ज्यांना जायचं त्यांनी जावं. धोंडबांसारख्यांना राहायचं असेल तर त्यांच्या दारात पोलीस येता कामा नये, हे माझं माझ्या भावाला सांगणं आहे. तिनं मला बहीण म्हणून दिलं होतं, मी बहीण म्हणूनच सोडलं. ते लिहिताना माझा हात स्वच्छ होता. एवढ्याचं मला बरं वाटतं, बाकी कशाचं वाटत नाही.

तेव्हा तू सही कर. बिनपगारी रजेची भाषा पुन्हा काढलीस तर दारात उभा करणार नाही. तू घरी येऊन बसलास तर तिकडे पाटचारी कोण खोदून घेईल? तिघांना टेबलाशी आण, उठू देऊ नकोस. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतल्या भांडणात मी हेच करते, दोघांच्या बाह्या धरून ठेवते.

पुण्याला नकार आज टाकला. मला समजावू नकोस. पुढं काहीतरी निघेल असं लिहू नकोस, निघणार नाही. मला फार वाईट वाटतं आहे आणि ते बरेच दिवस वाटणार आहे, ते वाटू दे.

आता माझी अट. महिन्यातले जे दहा दिवस तू नागपुरात असशील, ते दहा दिवस बाबा तुझे. अंघोळ, जेवण, औषध, कूस बदलणं, वरणाची वाटी अंगावर घेणं, सगळं तुझं. साहेबांनी बोलावलं, मीटिंग आली, हे कारण चालणार नाही. त्या दिवसांत शाळा सुटल्यावर मी घरी येणार नाही, आले तर जेवायला येईन. कुठं जाते ते विचारायचं नाही. आणि विचारलंस तरी मी काय सांगणार, मलाच अजून माहीत नाही. इतकी वर्षं घंटा झाली की मी पिशवी उचलून सरळ घरी आले, फाटकाबाहेर दुसरे रस्ते कुठं जातात तेसुद्धा कधी पाहिलं नाही. पहिल्या दिवशी बहुतेक फाटकातच उभी राहीन.

जून लागायच्या आत ये. लोभ ठेव, या वेळी मी तो मागून घेते आहे.

तुझी,
शोभा